टर्बो बदलायला ‘हो’ म्हणण्याआधी

‘गाडी ओढत नाही, चढाला दम खाते, काळा धूर मारते. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला. बदलून टाकू का?’ या आशयाची विचारणा वाचकांकडून सतत येते. त्यांत बोलेरो पिकअपवर भाजीपाला नेणारे आहेत, डिझायर टॅक्सीला लावलेले आहेत आणि घरची अर्टिगा किंवा क्रेटा चालवणारेही आहेत. ओढ गेली म्हणजे टर्बोच गेला, असं त्यांना सांगितलेलं असतं, आणि तेही पुष्कळदा बॉनेटखाली नीट न पाहता.

टर्बो नाजूक नसतो. योग्य ऑइल वेळेवर मिळालं तर तो इंजिनाच्या बरोबरीनं टिकतो. ओढ जाण्याचं कारण बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूलाच सापडतं: चिरलेला होजपाईप, सैल झालेला क्लॅम्प, उंदरानं कुरतडलेली वायर, चोंदलेला डिझेल फिल्टर किंवा काजळीनं अडकलेला ईजीआर (एक्झॉस्टचा काही धूर परत इंजिनात नेणारा) व्हॉल्व्ह. होजपाईप काही शे ते काही हजारांत येतो, टर्बोचा खर्च दहा हजारांच्या पटीत जातो. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्त गोष्टीकडून महाग गोष्टीकडेच ठेवा. यातली बरीचशी तपासणी टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर आणि कोरडं फडकं एवढ्यावर तुमच्या अंगणात होते.

पुढचं मार्गदर्शन मुख्यतः कॉमनरेल डिझेल गाड्यांसाठी आहे. पेट्रोल टर्बोचं वेगळं आहे, ते नंतर पाहू.

आधी तक्रार नेमकी करा

‘पिकअप नाही’ एवढ्यावर कोणताही मेकॅनिक अंदाजच बांधणार. दोन-तीन दिवस गाडी चालवताना पुढच्या गोष्टींकडे लक्ष द्या आणि लिहून ठेवा.

- ओढ हळूहळू कमी होत गेली, की एका दिवशी अचानक गेली? हळूहळू गेली असेल तर फिल्टर, काजळी किंवा क्लचचा संशय घ्या. अचानक गेली असेल तर निसटलेला पाईप, तुटलेली वायर किंवा व्हॅक्यूमची नळी पाहा.
- अडीच-तीन हजार आरपीएमच्या पुढे गाडी जातच नाही, पण बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ ठीक चालते, असं होतं का? मग इंजिनाच्या संगणकाला काहीतरी बिनसलेलं दिसलं आहे आणि त्यानं इंजिन वाचवण्यासाठी स्वतःहून ताकद कापली आहे. गॅरेजात याला ‘लिंप मोड’ म्हणतात. अशा वेळी मेमरीत कोड हमखास असतो.
- खालच्या आरपीएमला सुस्त आणि दोन हजारांनंतर ठीक, की खाली ठीक आणि वर जाताना दम तुटतो? पहिल्या प्रकारात टर्बोची हवा उशिरा किंवा कमी मिळते आहे. दुसऱ्यात डिझेल पुरत नसण्याची शक्यता मोठी.
- वेग घेताना नवी शिट्टी किंवा ‘फुस्स’ असा आवाज येतो का?
- ब्रेकचं पेडलही हल्ली जड झालं आहे का? प्रश्न असंबद्ध वाटेल, पण त्याचं महत्त्व पुढे कळेल.

धूर सगळ्यात जास्त सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडते आहे, म्हणून आधी हवेचा मार्ग तपासा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतं आहे किंवा कूलंट आत शिरतं आहे. अशी गाडी घरी तपासत बसू नका. ओढ नाही आणि धूरही अजिबात नाही, असं असेल तर डिझेलचा पुरवठा किंवा संगणकानं कापलेली ताकद, याकडे वळा. डीपीएफ (काजळीचा फिल्टर) असलेल्या गाडीत मात्र काजळी त्यातच अडते. तिथे काळा धूर दिसला नाही म्हणून हवेचा मार्ग ठीक आहे, असं धरून चालू नका.

दोष इंजिनातच आहे ना?

हे थोड्या वेळात कळतं, तरी सहसा कुणी पाहत नाही. चौथ्या गिअरमध्ये हलक्या चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा भराभर चढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. टर्बो कितीही चांगला असला तरी ती ताकद चाकांपर्यंत पोहोचणार नाही.

मग दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून, आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या जवळ हात न्या. रिमला स्पर्श करू नका, भाजू शकतं. एखादं चाक इतरांपेक्षा स्पष्ट तापलेलं वाटलं तर त्याचा ब्रेक धरून राहतो आहे. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार दिसतं.

हवेचा मार्ग: इथे वेळ द्या

इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. टर्बोचा एक्झॉस्टकडचा भाग गाडी बंद केल्यावरही बराच वेळ भाजेल इतका गरम असतो.

एअर फिल्टर काढून टॉर्चच्या उजेडासमोर धरा. उजेड जवळजवळ येतच नसेल तर बदला. कच्च्या रस्त्यावर किंवा ऊसतोडणीच्या दिवसांत शेतरस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरच्या खूप आधी भरतो. ‘फिल्टर काढून चालवून बघा’ असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. त्या वेगात धुळीचे कण पात्यांच्या कडा झिजवतात. फिल्टरच्या डब्यात आणि पुढच्या नळीत पालापाचोळा किंवा उंदराचं घरटं नाही ना, हेही पाहा.

आता टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे जाड होजपाईप. सर्वाधिक दोष इथेच निघतात. अडचण अशी की चीर दाबाखालीच उघडते. गाडी उभी असताना पाईप अखंड दिसतो आणि मेकॅनिक ‘पाईप ओके’ म्हणून मोकळा होतो. म्हणून असं करा:

- प्रत्येक पाईप हातानं वाकवून, पिळून पाहा. खालची बाजू आणि वळणाची आतली बाजू मुद्दाम पाहा. पाईप बॉडीला किंवा ब्रॅकेटला घासतो ती जागा सर्वांत आधी चिरते.
- क्लॅम्प हातानं फिरतो का ते बघा. फिरत असेल तर सैल आहे.
- सगळे जोड फडक्यानं कोरडे आणि स्वच्छ पुसा. मग एखाद्या चढावर गाडी पूर्ण ताकदीनं चालवा, थंड होऊ द्या आणि पुन्हा पाहा. इंजिनाच्या ब्रीदरमधून या पाईपांत ऑइलची बारीक वाफ जातच असते. जिथून हवा निसटते तिथे ऑइलचा ताजा ओघळ उमटलेला दिसेल.
- इंटरकूलर पुढे बंपरच्या मागे असेल तर त्याच्या खालच्या कोपऱ्यांवर तेलकट धूळ जमली आहे का, दगड लागून पत्रा फुटला आहे का, ते पाहा.

काही जण गाडी उभी ठेवून आरपीएम वाढवतात आणि पाईप टणक होतो का ते दाबून बघतात. या परीक्षेवर निकाल देऊ नका. भार नसताना टर्बो फारसा दाब तयार करत नाही, त्यामुळे चांगल्या गाडीचा पाईपही मऊच लागू शकतो. शिवाय हात फिरत्या बेल्टच्या जवळ जातो. पाईपांत घरच्या कंप्रेसरनं हवा भरण्याचा प्रयोगही करू नका. ती चाचणी गॅरेजात, मोजलेल्या दाबावर किंवा धूर सोडून करतात आणि ती मागण्यात संकोच नको.

पाईपांच्या आत ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका, तो असतोच. ऑइल साचून ओतता येत असेल तर मात्र काळजीचं कारण आहे.

व्हॅक्यूमची बारीक नळी आणि अॅक्च्युएटर

टर्बोनं किती दाब द्यायचा हे अॅक्च्युएटर ठरवतो. टर्बोला चिकटलेला छोटा डबा किंवा मोटर आणि त्यातून निघालेली एक दांडी, असं त्याचं रूप. तुमच्या गाडीचा टर्बो कोणत्या प्रकारचा आहे हे आधी माहीत करून घ्या, नाहीतर चांगला भागही बिघडलेला वाटेल. मारुती, टाटा आणि फियाटच्या कित्येक गाड्यांत बसलेलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन घ्या. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साधा टर्बो आहे, ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत बदलत्या पात्यांचा, म्हणजे व्हीजीटी.

व्हॅक्यूमवर चालणारा व्हीजीटी असेल तर एकाला गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही दांडीकडे पाहा. बहुतेक गाड्यांत चालू होताच दांडी ओढली जाते आणि बंद करताच परत येते. ती हललीच नाही, तर डब्यापासून मागे जाणाऱ्या बारीक रबरी नळ्या तपासा. उष्णतेनं त्या कडक होतात आणि टोकाशी चिरतात. पुष्कळदा चिरलेलं टोक कापून नळी पुन्हा घट्ट बसवली की गाडी पूर्ववत होते. साध्या टर्बोत मात्र इंजिन जागेवर चालू असताना दांडी न हलणं हे योग्यच आहे.

ब्रेकच्या पेडलचा प्रश्न इथे कामाला येतो. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला आणि व्हॅक्यूम अॅक्च्युएटरला सहसा एकाच पंपाकडून व्हॅक्यूम मिळतो. ओढही गेली आणि ब्रेकही जड झाला, तर टर्बोचा विचार सोडा आणि पंप व मुख्य नळी तपासून घ्या. ब्रेकचा मामला असल्यानं ही गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नका.

डिझेलची बाजू

इथे घरी करण्यासारखं थोडंच आहे. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बिलावर पाहा. फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असेल तर काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या आणि स्थिर होऊ द्या. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसेल. ओढ टाकी भरल्यानंतर लगेच गेली असेल तर पंपाची पावती आणि ही बरणी, दोन्ही जपून ठेवा.

यापुढे हात घालू नका. इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत सुमारे १६०० बार आणि काही इंजिनांत त्याहूनही जास्त दाब असतो. चालू इंजिनात तिथून उडालेली बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तसं झालं तर दुखत नसलं तरी थेट रुग्णालयात जा.

एप्रिल २०२० नंतरची डिझेल गाडी असेल तर

बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवलेला असतो. तो तापला की साठलेली काजळी जाळतो, आणि तापायला सलग धाव लागते. रोज पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कोंडीत चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो भरत जातो आणि शेवटी संगणक ताकद कापतो. डीपीएफचा दिवा नुसता लागला असेल तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगानं चालवा, मध्ये बंद करू नका. दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत इंजिनाचा दिवाही असेल तर ती वेळ गेली. सर्व्हिस सेंटर गाठा.

ऑइलची दांडीही ओढून पाहा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर काजळी जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं. असं पातळ ऑइल टर्बोच्या बेअरिंगला मारक आहे, त्यामुळे पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता ते बदला. नवीन ऑइल डीपीएफला चालणाऱ्या प्रतीचंच घ्या. ती प्रत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

मोबाइल आणि छोटा स्कॅनर

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं एखादं अॅप एवढ्यावर बरंच कळतं. कोड दिसला की आधी फोटो काढा. तो घाईनं पुसू नका. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान यांची नोंद असते आणि तीही पुसली जाते.

- पी ०२९९: टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. गळका पाईप, व्हॅक्यूम, अॅक्च्युएटर आणि टर्बो यांपैकी काहीही. हा कोड म्हणजे ‘टर्बो बदला’ नव्हे.
- पी ०२३४: दाब अपेक्षेपेक्षा जास्त. पाती किंवा अॅक्च्युएटर अडकलेला.
- पी ००८७: रेलमधला डिझेलचा दाब कमी. आधी फिल्टर.
- पी ०४०१: ईजीआरचा प्रवाह कमी. सहसा काजळी.
- पी २४६३: डीपीएफमध्ये काजळी जास्त.

मग ‘मॅप’ या नावाखाली दिसणारा हवेचा दाब पाहा. चावी फिरवून, इंजिन चालू न करता, हा आकडा बाहेरच्या हवेइतका असला पाहिजे: मुंबईत किंवा कोकणपट्टीवर सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६च्या जवळ. आकडा यापासून फार दूर असेल तर सेन्सर चुकीचा सांगतो आहे किंवा त्याच्या तोंडावर काजळी चिकटली आहे.

आता खंबाटकी, कसारा किंवा जवळचा कोणताही मोकळा चढ गाठा. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तीन हजारांपर्यंत न्या. मोबाइल शेजारच्यानं पाहायचा, चालवणाऱ्यानं नाही. आकडा साधारण २००च्या वर गेला तर टर्बो दाब देतो आहे, आणि ओढ नसण्याचं कारण डिझेल, क्लच किंवा एक्झॉस्ट यांत शोधा. ११०-१२०वरच अडकला तर हवेच्या मार्गाकडे परत या. काम झाल्यावर स्कॅनर सॉकेटमधून काढा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

आता टर्बोकडे

वरचं सगळं ठीक निघालं तरच. थंड इंजिनात टर्बोच्या तोंडाचा पाईप काढा आणि चाक बोटांनी हळू फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. आडवा किंचित हलका खेळ असतो, तो चालतो. पुढे-मागे जाणवण्याइतका खेळ, पाती कवचाला घासल्याच्या खुणा, तुटलेली कड किंवा साचलेलं ऑइल यांपैकी काही दिसलं तर टर्बो खरंच गेला आहे.

तो का गेला, हे मात्र कळायलाच हवं. ऑइल नेणारी नळी चोंदलेली असेल, परतीची नळी तुंबली असेल किंवा फिल्टरमधून धूळ जात असेल, तर नवा टर्बोही त्याच वाटेनं जाईल. कारण न शोधता बदललेला टर्बो हा वाया गेलेला पैसा आहे, हे मी ठामपणे सांगतो.

एक धोका ओळखून ठेवा. टर्बोचं सील फुटून ऑइल इंजिनात जाऊ लागलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटू शकतं. आरपीएम आपोआप वाढतो, धुराचे लोट निघतात आणि चावी काढूनही इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. जमलं नाही तर सगळ्यांना घेऊन दूर व्हा. म्हणूनच भरपूर निळा धूर असलेल्या गाडीला रेस देऊन पाहू नका.

पेट्रोल टर्बो

पाईप आणि क्लॅम्पची तपासणी तीच. मात्र इथे ओढ जाण्यामागे स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल वारंवार निघतात. भार पडला की गाडी झटके देते आणि चेक लाइट लुकलुकतो. लुकलुकताना गाडी ताणू नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. जागेवर चालू असताना मॅपचा आकडा ३०-४० दिसला तर तो बरोबर आहे.

हे कुणी सुचवलं तरी नको

- ईजीआर बंद करणं, डीपीएफ कापून काढणं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करू देत नाही, पीयूसीची अडचण येते आणि वॉरंटीचा दावाही फेटाळला जातो.
- दोष न शोधता रीमॅप किंवा ट्यूनिंग बॉक्स. गळका पाईप तसाच राहतो, टर्बोवर ताण वाढतो.
- हवेच्या सेन्सरवर कार्ब्युरेटर क्लीनर किंवा पाण्याचा जोरदार फवारा.

गॅरेजात गेल्यावर

स्वतःची नोंद, कोडचे फोटो आणि मॅपचे आकडे दाखवा. मग पुढच्या गोष्टी मागा. शांतपणे, पण लेखी मागा.

- काम सुरू करण्याआधी जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत आणि अंदाजपत्रक. अंदाजाबाहेर खर्च गेला तर आधी विचारायचं, अशी ओळही लिहून घ्या.
- टर्बो बदलायचा असेल तर दाबाच्या चाचणीचा निकाल आणि स्कॅनचा प्रिंट.
- नवा, रिकंडिशन केलेला, की फक्त आतलं कार्ट्रिज बदलून, असे तिन्ही पर्याय आणि प्रत्येकाची वॉरंटी. कार्ट्रिज बदलायचं तर व्हीजीटीची पाती मोकळी केली का आणि बॅलन्सिंग झालं का, हे विचारा.
- जुने भाग परत. एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर निदान डोळ्यांनी पाहा आणि फोटो घ्या.
- पार्ट नंबरसह पक्कं बिल. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीही उघडू नका. निरीक्षण आणि कोड वाचणं एवढंच करा. बाहेरच्या गॅरेजात गेल्यानं सरसकट वॉरंटी रद्द करू नये, अशी भूमिका भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४च्या आदेशात घेतली होती. पण तो आदेश अपिलांत गेला, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका आणि वॉरंटीच्या पुस्तिकेतल्या अटी वाचा.

पैसे घेऊनही तोच दोष परत आला तर प्रथम गॅरेजला लेखी कळवा, ई-मेल पुरेसा आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. जॉबकार्ड, बिल, स्कॅनचे फोटो आणि जुन्या भागांचे फोटो अर्जाला जोडा. दुसऱ्या एखाद्या जाणकार गॅरेजचा लेखी अभिप्राय मिळाला तर तोही लावा, आणि तो मिळेपर्यंत गाडीतला वादग्रस्त भाग बदलू नका.